घोडा, गोगलगाय आणि पोटातले पाय

संगणकाच्या शब्दकोशात एक घोडा आहे आणि त्याचे नाव चुकलेले आहे. ट्रॉयचा घोडा ट्रॉयचा नव्हताच. तो घडवला ग्रीकांनी, आणि त्याच्या पोटात दबा धरून बसले तेही ग्रीक. ट्रॉयच्या लोकांनी केले ते एवढेच, की त्याला दोरखंड लावून तो आपल्या गावात ओढून आणला. तरीही आज लपूनछपून येणाऱ्या घातक प्रोग्रॅमला जग नुसते ‘ट्रोजन’ म्हणते, म्हणजे चक्क ‘ट्रॉयचा रहिवासी’. चोरी ज्याच्या घरी झाली त्याचेच आडनाव चोराला लावावे, तसा हा प्रकार. त्यात इंग्रजीत ‘ट्रोजनसारखे राबणे’ असा जुना वाक्प्रचार आहे आणि तो कष्टाळू, चिवट माणसाच्या कौतुकाचा आहे. त्या बिचाऱ्या शब्दाची अब्रू संगणकाने घालवली.

या पुस्तकाची जुळवाजुळव सुरू केली तेव्हा ही चूक पहिल्याच पानावर दाखवून द्यायची, असे मी ठरवले होते. लिहिता लिहिता मत बदलले. ज्या हल्ल्यात वेशीचे दार आतल्या माणसांनी उघडलेले असते, त्या हल्ल्याला दार उघडणाऱ्यांचेच नाव शोभते, असे आता वाटते. ते का, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

आधी घोड्याची मूळ गोष्ट नीट पाहू, कारण ती आपल्याला वाटते तितकी माहीत नसते. होमरच्या ‘इलियड’मध्ये घोडा सापडेल असे समजून पुष्कळ जण ते महाकाव्य उघडतात आणि शेवटपर्यंत वाचून फसतात. ‘इलियड’ हेक्टरच्या अंत्यविधीवर संपते. घोडा यायचा असतो तोवर. तो डोकावतो ‘ओडिसी’मध्ये, तोही आठवणीतून आणि गाण्यातून. एका दरबारात अंध गायक डेमोडोकस ही कथा गातो. घोडा गावात आणून ठेवल्यावर ट्रॉयचे लोक त्याच्याभोवती बसून वाद घालत होते, आणि त्यांच्यात तीन मते पडली. कोणी म्हणाले, लाकूड फोडून आत काय आहे ते पाहा. कोणी म्हणाले, कड्यावरून खाली लोटून द्या. कोणी म्हणाले, देवाचा नजराणा आहे, राहू द्या. तिसरे मत जिंकले. अनोळखी फाइल समोर आली की आजही याच तीन वाटा असतात: उघडून तपासा, काढून टाका, किंवा राहू द्या. आणि आजही बहुतेक वेळा तिसरीच जिंकते.

‘ओडिसी’तच दुसरी एक आठवण आहे, ती मेनेलाउस सांगतो. रात्री हेलन घोड्याभोवती तीनदा फिरली, त्याच्या पोटावरून हात फिरवला आणि आतल्या वीरांच्या बायकांचे हुबेहूब आवाज काढून एकेकाला नावाने हाका मारल्या. आतल्या एकाला राहवेना. तो ओ देणार, इतक्यात ओडिसियसने त्याचे तोंड घट्ट दाबून धरले. मालवेअर तपासणाऱ्यांच्या प्रयोगशाळेत आज नेमके हेच चालते. संशयित प्रोग्रॅमला एका बनावट संगणकात बसवतात आणि तो खराच संगणक आहे असे भासवून, त्याने तोंड उघडावे म्हणून वाट पाहतात. मुरलेले ट्रोजन आधी आपण खऱ्या यंत्रात आहोत की सापळ्यात, हे चाचपून पाहते आणि शंका आली तर गप्प बसते. त्याच्याही आत एक ओडिसियस असतो.

घोड्याची सविस्तर हकिकत मात्र रोमन कवी व्हर्जिलची. त्याच्या ‘इनीड’च्या दुसऱ्या सर्गात घोड्याइतकेच महत्त्व सायनन नावाच्या माणसाला आहे. हा ग्रीक हात बांधलेल्या कैद्याच्या रूपात ट्रॉयवासीयांसमोर येतो. माझ्याच लोकांनी माझा बळी द्यायचा घाट घातला, मी कसाबसा निसटलो, असे रडून सांगतो. त्यांना दया येते, ते त्याच्या दोऱ्या सोडतात. मग तो हळूच पिल्लू सोडतो: हा घोडा देवीला अर्पण केलेला आहे, आणि तुम्हाला तो वेशीतून आत नेता येऊ नये म्हणून मुद्दाम एवढा प्रचंड बांधला आहे, तो आत आला तर तुमचा उत्कर्ष ठरलेला. झाले! जे आत आणू नये, तेच आणण्याची घाई ट्रॉयला सुटली. त्यासाठी त्यांनी आपला तट स्वतःच फोडला.

इशारे मिळाले नव्हते असे नाही. पुजारी लाओकून ओरडून सांगत होता, त्याने घोड्याच्या कुशीत भालाही मारला आणि आतून पोकळ आवाज आला. पण समुद्रातून दोन सर्प आले, त्यांनी त्याला मुलांसकट मारले, आणि लोकांनी त्याचा अर्थ देवाचा कोप असा लावला. घोडा उंबरठ्यावर चार वेळा अडला, चारही वेळा आतली शस्त्रे खणखणली. चारही वेळा लोकांनी कानाडोळा केला. ‘अनोळखी ठिकाणाहून आलेले ॲप बसवू का?’, ‘याला तुमचे मेसेज वाचू देऊ का?’ असे फोन विचारत असतो आणि आपण ‘हो, हो, हो’ करत बोट दाबत सुटतो, तेव्हा मला व्हर्जिलच्या त्या चार खणखणाटांची आठवण होते.

आता संगणकाकडे येऊ. नामकरणाचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते डॅनियल जे. एडवर्ड्स हे एमआयटीच्या पहिल्या पिढीतल्या प्रोग्रॅमरांपैकी एक. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लिस्प १.५’ या संगणकभाषेच्या मार्गदर्शिकेच्या लेखकांत त्यांचे नाव आहे. त्याच वर्षी एमआयटीतल्या पीडीपी-१ यंत्रावर ‘स्पेसवॉर’ नावाचा खेळ आकाराला आला. पडद्यावर दोन अवकाशयाने एकमेकांवर मारा करत. एडवर्ड्स यांनी त्यात मधोमध एक तारा बसवला आणि त्याला गुरुत्वाकर्षण दिले. बेसावध यान त्या ताऱ्याकडे ओढले जाई आणि नष्ट होई. ओढ लावून नाश करणाऱ्या गोष्टीशी या माणसाची ओळख अशी जुनी होती! पुढे ते अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत गेले.

तो काळ सामायिक संगणकांचा होता. यंत्र एक, आणि त्यावर तारेने जोडलेले अनेक जण एकाच वेळी काम करणारे. अमेरिकी हवाई दलापुढे प्रश्न होता, की गुप्त कागद पाहण्याचा अधिकार असलेला आणि नसलेला, असे दोघे एकाच यंत्रावर बसले तर एकाचे गुपित दुसऱ्यापासून राखायचे कसे? या प्रश्नावर जेम्स पी. अँडरसन यांचा अहवाल ऑक्टोबर १९७२ मध्ये तयार झाला. त्यात ‘ट्रोजन हॉर्स’ हल्ल्याचे वर्णन आहे आणि तो हेरल्याचे श्रेय एडवर्ड्स यांना दिलेले आहे. शब्द मात्र त्याआधीच या मंडळींच्या तोंडी बसला असावा. युनिक्स प्रणालीच्या नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या मार्गदर्शिकेत, फाइलची मालकी बदलण्याच्या आज्ञेखाली, एक बंधन का घातले आहे हे सांगताना ‘ट्रोजन हॉर्स’ हा शब्द काहीही स्पष्टीकरण न देता येऊन जातो. वाचणाऱ्याला तो कळेल, हे लिहिणाऱ्याने गृहीत धरले होते.

कळेलच, कारण वरवर नजराणा आणि आतून घात, या अर्थाने ‘ट्रॉयचा घोडा’ हे इंग्रजीत कितीतरी आधीपासून रुळलेले होते. मग एडवर्ड्स यांच्या नजरेला असे वेगळे काय दिसले? समजा, तुम्हाला गुप्त फाइली वाचण्याचा अधिकार आहे आणि मला नाही. मी तुमच्या फाइलीवर थेट हात टाकला तर यंत्र मला अडवील. म्हणून मी एक सोयीचा प्रोग्रॅम लिहितो. यादी वर्णानुक्रमे लावून देणारा, म्हणा. तो तुम्हाला आवडतो, तुम्ही तो चालवता. तो यादी चोख लावतो आणि जाता जाता तुमच्या गुप्त फाइलीची एक प्रत मला वाचता येईल अशा जागी ठेवून देतो. यंत्र त्याला अडवत नाही, कारण तो चालतो तुमच्या नावावर, तुमच्या अधिकाराने. कुलूप शाबूत, पहारेकरी जागा, नियम एकही मोडलेला नाही. चोर मालकाचा हात धरून आत शिरला आहे.

हे एकदा ध्यानात आले की नुसती परवान्यांची यादी सांभाळून सुरक्षा साधत नाही, हेही कळते. सत्तरच्या दशकात डेव्हिड बेल आणि लेन लापाड्युला यांनी लष्करी संगणकांसाठी जी चौकट मांडली, तिच्यात एक विचित्र वाटणारा नियम आहे: वरच्या दर्जाचा अधिकार वापरून काम चालू असताना खालच्या दर्जाच्या फाइलीत काही लिहिता येणार नाही. अधिकाऱ्यावर अविश्वास का, असे कोणी विचारील. अविश्वास अधिकाऱ्यावर नाही; त्याच्या नावाने चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात कोण बसले आहे, ते त्याला ठाऊक नसते म्हणून हा नियम.

आपल्याकडे अशा प्राण्याला फार जुने नाव आहे: गोगलगाय नि पोटात पाय. दिसायला गरीब, सरपटणारी, पाय नसलेली. आणि पाय पोटात. या म्हणीतही घात पोटातच ठेवलेला आहे. घोड्याला निदान चार पाय बाहेर तरी होते.

आता पोटात पाय आहेत का, हे प्रोग्रॅम उघडून वाचला तर कळेल, असे वाटणे साहजिक आहे. केन थॉम्पसन यांनी हीसुद्धा आशा मोडून काढली. युनिक्सचे हे जनक. डेनिस रिची यांच्यासह त्यांना १९८३ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. पुरस्काराचे त्यांचे भाषण १९८४ मध्ये छापले गेले. त्यांचा प्रश्न असा होता, की एखाद्या प्रोग्रॅममध्ये ट्रोजन नाही, या शब्दावर विश्वास कितपत ठेवायचा? माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवण्याचे काम कंपायलर नावाचा दुसरा प्रोग्रॅम करतो. थॉम्पसन यांनी दाखवले, की कंपायलरमध्येच लबाडी भरता येते: लॉगिनचा प्रोग्रॅम घडवताना त्यात तो चोरदरवाजा ठेवील, आणि स्वतःचीच नवी प्रत घडवताना तिच्यातही ही लबाडी उतरवील. मग मूळ लिखाणातून तिची खूण पुसून टाकली तरी ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. तुम्ही लिखाण ओळीने ओळ वाचा, काहीही सापडणार नाही. या युक्तीचे बीज हवाई दलाच्याच एका जुन्या अहवालात आपण पाहिले होते, हे थॉम्पसन यांनी तिथेच कबूल केले. तो अहवाल पॉल कार्गर आणि रॉजर शेल यांचा, १९७४ चा. ट्रॉयचा घोडा बांधणाऱ्या सुताराचे नाव एपिअस. थॉम्पसन यांच्या गोष्टीत सुताराचा रंधाच फितूर आहे. त्याने कितीही साधी खुर्ची करायला घेतली तरी तिच्या पोटात सैनिक निघणार.

घोडा प्रयोगशाळेबाहेर पडला तेव्हा पहिली पावले खेळकर होती. १९७५ मध्ये जॉन वॉकर यांनी युनिव्हॅक यंत्रांसाठी ‘ॲनिमल’ नावाचा खेळ पसरवला. तुम्ही मनात एक प्राणी धरायचा, संगणकाने प्रश्न विचारून तो ओळखायचा. लोक खेळात रमलेले असताना त्याचाच एक भाग, खेळणाऱ्याला जिथे जिथे लिहिण्याचा अधिकार असेल तिथे तिथे खेळाची प्रत ठेवून येई. नुकसान काहीच नाही. वॉकर यांच्याकडे प्रती मागणाऱ्यांची रीघ लागली होती, तो त्रास वाचला. पण युक्ती सिद्ध झाली. वॉकर पुढे ऑटोडेस्क या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले.

डिसेंबर १९८९ मध्ये खेळकरपणा संपला. एड्सविषयी माहिती देणारी म्हणून सुमारे २०,००० फ्लॉपी डिस्क टपालाने देशोदेशी गेल्या. घेणाऱ्यांत जागतिक आरोग्य संघटनेच्या एड्स परिषदेला आलेले प्रतिनिधीही होते. डिस्कमध्ये खरेच प्रश्नावली होती, ती उत्तरे घेऊन धोक्याचा अंदाज सांगे. आणि संगणक साधारण ९० वेळा सुरू झाला, की फाइलींची नावे गुप्त लिपीत जात आणि पडद्यावर मागणी येई: पनामातल्या एका टपालपेटीवर १८९ डॉलर पाठवा. सोबतच्या परवाना-कराराच्या कागदात, पैसे न भरल्यास तुमच्या संगणकाचे काय होईल याची धमकीही छापलेली होती. पण ते बारीक टायपातले कागद वाचतो कोण? करणारा जोसेफ पॉप हा जीवशास्त्रज्ञ पकडला गेला, मात्र मनःस्थितीमुळे ब्रिटनच्या न्यायालयात त्याच्यावर खटला चालू शकला नाही. फाइली ओलीस धरून खंडणी मागण्याच्या धंद्याची सुरुवात या डिस्कपासून मानतात. तिने लोकांची भीतीच आमिष म्हणून वापरली होती.

या पुस्तकात ट्रोजनची दोन भावंडे वारंवार भेटतील, म्हणून फरक इथेच सांगून ठेवतो. ‘व्हायरस’ हे नाव रोगजंतूवरून आले. फ्रेड कोहेन यांनी १९८३-८४ च्या सुमारास त्याचा अभ्यास मांडला. तो दुसऱ्या प्रोग्रॅमला चिकटतो आणि वाढतो. ‘वर्म’ म्हणजे किडा हे नाव जॉन ब्रनर यांच्या १९७५ च्या विज्ञान कादंबरीतले. तो जाळ्यातून स्वतःच सरपटत पुढे जातो. एक नाव शरीरातून आले, एक कादंबरीतून, आणि आपला घोडा महाकाव्यातून. जंतूला शरीराची दुर्बलता लागते, किड्याला भोक लागते. घोड्याला या दोहोंशिवायही चालते. त्याला फक्त कोणीतरी ‘आत या’ म्हणणारे लागते. ‘ट्रोजन व्हायरस’ असे जे सर्रास छापले जाते, ते म्हणूनच मला खटकते.

ही युक्ती ग्रीकांचीच मक्तेदारी आहे, असे मात्र कोणी समजू नये. वत्सदेशाचा राजा उदयन वीणेच्या सुरांनी रानहत्ती वश करी. उज्जयिनीच्या राजाने त्याची ही आवड हेरली आणि रानात खोटा हत्ती उभा केला. ‘कथासरित्सागरा’त त्या यंत्रहत्तीच्या पोटात योद्धे दडलेले आहेत. उदयन वीणा घेऊन एकटाच पुढे गेला आणि कैद झाला. भासाच्या ‘प्रतिज्ञायौगंधरायणा’त या सापळ्याची आणि त्यातून राजाला सोडवण्याच्या खटपटीची कथा आहे. एडवर्ड्स उज्जयिनीत जन्मले असते तर आपण आज ‘उदयनाचा हत्ती’ म्हणत असतो. आणि तेव्हाही नाव फसलेल्याचेच लागले असते. ही कथा घोड्याच्या कथेपेक्षा एका बाबतीत जास्त आधुनिक आहे: आमिष ज्याच्या त्याच्या आवडीच्या मापाने कापलेले असते.

आणि लाल महाल? ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराजांनी शायिस्तेखानावर छापा घातला. पुण्यात मराठ्यांची माणसे शिरली ती लग्नाच्या वऱ्हाडाच्या आडोशाने, रीतसर कोतवालाचा परवाना काढून; आणि दुसरी एक टोळी शत्रूचे कैदी पकडून आणल्याचे सोंग करत, हात बांधलेल्या माणसांना शिव्या हासडत आली, असे खाफीखानाने लिहून ठेवले आहे. परवाना आणि बांधलेले हात! व्हर्जिलचे नावही न ऐकलेल्या माणसांना सायननची युक्ती साधली होती. ही गोष्ट आपण वऱ्हाडात सामील होऊन ऐकतो, म्हणून तिला गनिमी कावा म्हणतो आणि छाती फुगते. युक्तीला स्वतःचा धर्म नसतो. आपण तटाच्या कोणत्या बाजूला उभे आहोत, त्यावर तिचे नाव ठरते. संगणकाच्या बाबतीत आपण सगळे तटाच्या आत आहोत.

आत किती, याचा प्रत्यय मला माझ्या मामांनी आणून दिला. बँकेतून निवृत्त झालेले, पै-पैचा हिशेब ठेवणारे गृहस्थ. त्यांच्या व्हॉट्सॲपवर ओळखीच्या नंबरावरून लग्नपत्रिका आली. चित्र किंवा पीडीएफ असावी तिथे ती एपीके फाइल होती, म्हणजे आख्खे ॲपच. फोनने दोनदा हटकले, मामांनी दोनदा परवानगी दिली. ‘अरे, पत्रिका आली म्हटल्यावर उघडायला नको?’ हा त्यांचा नंतरचा प्रश्न. ॲपने मेसेज वाचण्याचा अधिकार मिळवला होता, म्हणजे बँकेचे ओटीपी त्याच्या हाती. ज्याच्या नंबरावरून पत्रिका आली तोही आदल्या दिवशीचा फसलेलाच होता. भाच्याने वेळेत फोन बंद केला आणि बँकेला कळवले, म्हणून निभावले. साडेतीनशे वर्षांनीही वऱ्हाडाला वेशीवर कोणी अडवत नाही, हे मामांना बोलून दाखवायचा धीर मला झाला नाही.

पोलीस अशा पत्रिकांपासून सावध राहायला वारंवार सांगतात. त्याआधी सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने ‘ड्रिनिक’ नावाच्या ट्रोजनचा इशारा दिला होता. ते आयकराचा परतावा मिळवून देण्याच्या मिषाने फोनमध्ये शिरे. पत्रिका, परतावा, विजेचे बिल, वाहनाचा दंड: घोड्याची कातडी बदलते, पोट तेच. अशा प्रसंगी पैसे गेलेच, तर पहिल्या तासाभरात १९३० या क्रमांकावर फोन करावा, हे पुस्तकात पुढे येईलच, पण प्रस्तावनेतच कानावर घातलेले बरे.

पुढच्या प्रकरणांत ट्रोजनचे प्रकार आहेत, ते कसे शिरतात, काय नेतात आणि कसे ओळखावेत याचा तपशील आहे. मात्र वाचकाला घाबरवणे हा या पुस्तकाचा हेतू नाही. सगळेच नजराणे परत पाठवणारे गाव जगू शकत नाही. दुसऱ्याने लिहिलेले प्रोग्रॅम न वापरता संगणक चालवणे तर अशक्यच. मामांना दोष देऊनही भागत नाही. पाहुण्यांसाठी दार उघडणे हा चांगुलपणाच आहे, आणि ट्रोजन शिरते ते त्या चांगुलपणातून.

ग्रीसच्या मिकोनोस बेटावर १९६१ मध्ये मातीचा एक मोठा रांजण सापडला. इसवी सनापूर्वी सातव्या शतकातला; घोड्याच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक त्याच्या गळ्यावर उठावात कोरलेले आहे. घोडा चाकांवर उभा आहे आणि कलावंताने त्याच्या अंगाला छोट्या छोट्या चौकोनी खिडक्या पाडल्या आहेत. प्रत्येक खिडकीतून एकेका सैनिकाचे डोके दिसते. ट्रॉयच्या लोकांना जे दिसले नाही, ते आपल्याला दिसावे एवढ्यासाठी त्या कुंभाराने ही सोय केली. घोडे येतच राहणार. त्यांच्या कुशीला खिडक्या पाडायचा उद्योग मी पुढच्या पानांत केला आहे.